सूर्याची पार्टीबाजी आणि माझे साडू

सूर्याकडे कोणी देव म्हणून पाहिलं असेल, कोणी तापलेल्या वायूचा गोळा म्हणून पाहिलं असेल, पण त्याच्याकडे एक भांडखोर ग्रामपंचायत म्हणून पाहणारा माणूस या पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला, आणि ते माझे साडू. हे मी अभिमानानं लिहितो आहे. उमापूरपासून गेवराईपर्यंतच्या टापूत त्यांच्याविषयी एक गोष्ट पसरलेली आहे, की शेताच्या एका मोजणीच्या दिवशी त्यांचं डोकं फिरलं आणि पंचांसमोर त्यांनी चुन्याच्या फक्कीची रेघ पायानं पुसून टाकली. रेघ पुसली हे खरं. डोकं फिरलं हे खोटं, आणि ते खोटं कोणामुळे पसरलं हेही मला ठाऊक आहे, कारण तो माणूस मीच. मी तलाठी होतो. जन्मभर इतरांच्या नोंदी दुरुस्त केल्या. ही एक माझ्या हातून राहून गेली. ती आता करतो. पण नोंद करण्याआधी माणूस कोण, कुठला, हे लिहावं लागतं, म्हणून आधी साडूंविषयी.

ते त्यांच्या गावचे सरपंच होते. माझ्या गावापासून, म्हणजे उमापूरपासून, त्यांचं गाव मोटारसायकलवर एक पान चघळून होईपर्यंत येतं. आडवा बांधा, पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर मोठा बुक्का आणि आवाज असा की शेजारच्या शिवारातल्या बैलानं मान वळवून पाहावं. राजकारणात ते इतके मुरलेले, की घरात दोन पाहुणे एकाच वेळी आले तर हे दोघे एकमेकांना वाटेत भेटले असतील का, याचा विचार आधी करत आणि पाण्याचा तांब्या नंतर देत. सरपंच असताना त्यांनी बीडच्या बाजारातून एक दुर्बीण आणली. लोकांना सांगितलं, रानडुकरं बघायला. खरं म्हणजे निवडणुकीच्या हंगामात गच्चीवर बसून ते त्या दुर्बिणीतून विरोधी पार्टीच्या ओसरीवर कोण चप्पल काढतो ते पाहत. "चपला मोजल्या का मतं मोजायची गरज न्हाई," असं ते म्हणत. त्या वर्षी त्यांनी चपला बरोबर मोजल्या, पण बरीच माणसं अनवाणी गेली असावीत, कारण साडू चांगलेच पडले. दुर्बीण गच्चीच्या कठड्यावर धूळ खात राहिली.

तिथून पुढची गोष्ट ते सांगतात तेव्हा ऐकणाऱ्याला वाटावं, सूर्य खास त्यांना भेटायला आला होता. हरल्यानंतरच्या उदास दिवसांत एका सकाळी ते गच्चीवर चहा घेत बसले होते. कठड्यावर पालथ्या पडलेल्या दुर्बिणीतून ऊन आलं आणि त्यांच्या धोतरावर रुपयाएवढा सूर्य पडला. त्या सूर्यावर काळे ठिपके. त्यांना वाटलं धोतर मळलंय. बदललं. दुसऱ्या धोतरावरही ठिपके. मग काच पुसली. ठिपके तिथेच. माझ्या मेहुणीनं, म्हणजे त्यांच्या घरच्यांनी, वैतागून दोन्ही धोतरं निळीतून काढली. दुसऱ्या दिवशी पाहतात तो ठिपके होते, पण जागेवरून थोडे सरकलेले. जे सरकतं ते राजकारण, हा त्यांचा जन्माचा अनुभव. त्या दिवसापासून त्यांनी गावच्या ओसऱ्या सोडल्या आणि सूर्यावर पाळत ठेवली.

त्यांची वेधशाळा मी पुष्कळांना दाखवली आहे आणि दाखवताना माझी मान ताठ होते. मोडक्या खुर्चीच्या पाठीला दुर्बीण सुतळीनं बांधलेली. तिच्या एका डोळ्यावर सुपारीच्या डबीचं झाकण. दुसऱ्या डोळ्यातून येणारा सूर्य खाली एका स्टीलच्या ताटात पडतो. ताटात खळ लावून पांढरा कागद चिकटवलेला. सूर्याकडे सरळ बघायचं नाही, हा त्या गच्चीवरचा पहिला कायदा. एकदा माझी बायको कौतुकानं दुर्बिणीला डोळा लावायला गेली, तर ते गच्चीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडले, "अक्का, डोळा जाईल. पुढाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं नस्तं, त्याचा फोटू बघायचा." त्या एका वाक्यासाठी माझ्या बायकोनं त्यांचे पुढचे सगळे गुन्हे माफ केले.

आता त्यांची विद्या सांगतो. सूर्यावरच्या डागांना ते गट म्हणत. एकटा, गोल, शांत डाग म्हणजे बिनविरोध निवडून आलेला म्हातारा मेंबर. तो काही करत नाही, नुसता बसून राहतो. दोन डाग लांबलांब, म्हणजे सत्ताधारी आणि विरोधक आपापल्या ओट्यावर. तिथंही भीती नाही. पण डागांच्या एकाच घोळक्यात दोन्ही पार्ट्यांची माणसं घुसून मांडीला मांडी लावून बसली की तिथं भडका उडणार. मला आधी ही थट्टा वाटली. मग त्यांनी मोबाईल उघडून दाखवला. अंतराळातल्या यानांनी काढलेली सूर्याची चित्रं रोज कोणालाही पाहता येतात. त्यांत एक चुंबकत्वाचं चित्र असतं: सूर्य राखी रंगाचा, एका बाजूचं चुंबकत्व पांढरं, उलट बाजूचं काळं. साडूंचं बोट त्या चित्रावर फिरायला लागलं. "हे बघा पाव्हणं. इथं काळे, इथं पांढरे, मधी रस्ता. काय न्हाई व्हत. आन इथं बघा, पांढऱ्याच्या पोटात काळा. ही पंगत सुखानं उठत नस्ती. ताटं फेकली जात्यात." नंतर माझ्या पुतणीनं, ती पदार्थविज्ञान शिकवते, मला सांगितलं की शास्त्रज्ञही धोकादायक डाग असेच ओळखतात, फक्त ते पंगत म्हणत नाहीत.

पण भडका उडणार हे कळणं निराळं आणि कधी उडणार हे कळणं निराळं. मोठे मोठे लोक जगभर त्यासाठी डोकं खाजवतायत, आणि आमचे साडू गच्चीवर बसून तेच करत होते. त्यांच्या खुणा ठरलेल्या. गट झपाट्यानं फुगला, ही पहिली खूण. गटातले डाग एकमेकांभोवती वळायला लागले, ही दुसरी. आणि तिसरी सगळ्यांत बारीक: मोठ्या भडक्याच्या आधी त्याच जागी लहान लहान लुकलुक होते, यानांच्या चित्रांत ती दिसते. याचा दाखला ते बैठकीतला देत. "भांडण एकदम सुरू व्हत न्हाई. आधी माणसं कपबशी जोरात ठिवायला लागत्यात. कपबशी वाजली का आपण दाराकडं सरकायचं." पुष्कळ बैठकांना मी तलाठी म्हणून हजर होतो. कपबशी मलाही ऐकू आली होती, पण दाराकडे सरकायचं मला कधी सुचलं नाही.

नुसतं बघून त्यांचं समाधान झालं नाही. गेवराईत त्यांचे एक जुने मित्र आहेत, पूर्वी रेडिओ दुरुस्त करत, आता मोबाईल. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. साडूंनी उस्तादांना गच्चीवर आणलं. एका जुन्या बाजेच्या चौकटीवर जळालेल्या मोटारीची तांब्याची तार गुंडाळली, ती बाज उभी केली आणि तिचं टोक एका जुनाट संगणकाला जोडलं. दक्षिणेकडच्या कुठल्याशा केंद्रातून पाणबुड्यांसाठी एक रेडिओची लहर अखंड निघत असते. ती आभाळाच्या वरच्या थरावर आपटून खाली येते आणि या बाजेला सापडते. सूर्य भडकला की वरचा तो थर बदलतो, आणि संगणकावर सरळ चाललेली रेघ भर दुपारी एकदम उडी मारते. उस्ताद बाज उभी करताना म्हणाले, "सरपंचसाब, गाँव में किसी से झगडा बाकी नहीं रहा क्या, जो सूरज से पंगा ले रहे?" साडू म्हणाले, "गावातले सगळे सुधारले, उस्ताद. आता ह्योच राहिलाय." माझ्या मेहुणीचं म्हणणं एवढंच होतं, की सूर्याचं काय करायचं ते करा, पण बाजेची सावली कुरडयांवर पडता कामा नये. त्यामुळे उन्हाळ्यात त्या शास्त्रीय यंत्राची दिशा पाणबुडीपेक्षा कुरडयांवर जास्त अवलंबून असे.

आता त्यांच्या चुकांविषयीही लिहिलं पाहिजे. चुका पुष्कळ. घाटनांदूरला नात्यातलं एक लग्न होतं. फोटोवाल्यानं वरात टिपायला ड्रोन आणलं होतं. साडू त्याच्यापुढे आडवे झाले. "उडवू नकू. दोन दिवसांपासून वर कपबश्या वाजायल्यात. तुझं पाखरू भरकटून नवरदेवाच्या डोक्यात पडंल." फोटोवाल्यानं हसून ड्रोन उडवलं. ते उडालं, फिरलं, खाली आलं, अगदी शहाण्या पारव्यासारखं. त्या लग्नाच्या चित्रफितीत अजून वरून दिसतं: खाली वरात, बँड, आणि मधोमध दोन्ही हात वर करून आभाळाकडे ओरडणारे आमचे साडू. नवरी मुलगी ती चित्रफीत येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते. भडका त्या दिवशी झालाच नव्हता. गट आपसूक विरघळला होता. असंही होतं, ऐनवेळी तडजोड होते.

पण दुसऱ्या दिवशी साडूंनी काय केलं? गावच्या चहाच्या हॉटेलात भरगर्दीत उभे राहिले आणि म्हणाले, "काल मी चुकलो. गटात समेट झाला, मला दिसला न्हाई." लोक हसले. एकजण म्हणाला, "सरपंच, मग सरपंच असताना आमचा ठराव पाडलात, तवा बी चुकलो म्हणायचं की." साडू म्हणाले, "तवा शिकलो नव्हतो बे." दर वेळी चुकले की ते असे उभे राहत. बरोबर आले तर मात्र गावाला तीन दिवस झोपू देत नसत, हाही त्यांचा स्वभावच. मी आयुष्यभर कचेरीत काढलं. चूक झाली की आम्ही कागद फिरवत असू. भरगर्दीत उभं राहून चुकलो म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि तो माझा साडू होता.

आता मोजणी. माझं आणि माझ्या चुलत भावाचं शेत लागून आहे. मधला बांध आमच्या वडिलांच्या काळापासून नांगराच्या फाळासरशी कधी इकडे सरकायचा, कधी तिकडे. तलाठ्याच्याच बांधाचं भांडण, म्हणजे वैद्याच्या घरचा खोकला. लोक कौतुकानं ऐकत. शेवटी दोघंही थकलो. खंडोबाच्या देवळात जाऊन पंचांसमोर आम्ही बेलभंडार उचलला, म्हणजे देवाची शपथ घेतली: यंत्रानं एकदाच मोजणी करायची, त्या दिवशी जी रेघ पडेल ती दोघांना मान्य, पुन्हा मोजणी मागायची नाही. आमच्याकडे कोर्टाचा निकाल वरच्या कोर्टात नेता येतो, भंडाराला वरचं कोर्ट नाही.

मोजणीच्या आदल्या दिवशी, दिवस कलताना, साडू आमच्या ओसरीवर आले. माझ्या बायकोनं चहा आणला तर त्यांनी कप बाजूला सरकवला. हे त्यांच्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं.

"पाव्हणं, उद्याची मोजणी पुढं ढकला."

"कावून?"

"काळे-पांढरे एका ताटात जेवायलेत. गट दोन दिवसांत दुप्पट फुगलाय, आन आज दुपारपासून कपबश्या वाजायल्यात. उद्या न्हाईतर परवा फुटतंय."

"मोजणीचा आन सूर्याचा काय संबंध?"

"मोजणीवाल्याच्या काठीवर ती पांढरी टोपी अस्ती का न्हाई? तिच्याशी वरून उपग्रह बोलतेत. लई हळू बोलतेत, कानात सांगितल्यावानी. सूर्य वरडला तर टोपीला काय ऐकू यायचं?"

मला घाटनांदूरची वरात आठवली, आणि मी ती त्यांना आठवून दिली. "तवा ड्रोन तर झकास उडालं की, साडूभाऊ."

त्यांनी सरकवलेला कप आणखी लांब सरकवला. मग म्हणाले, "उडालं. चुकलो मी. उद्या बी चुकलो तर चांगलंच हाय. पर तुमी भंडार उचललाय. चुकायला जागाच ठिवली न्हाई."

मी म्हणालो, "बघतो." आमच्या भागात बघतो म्हणजे नाही, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मोजणीवाला खाजगी होता, तरुण, कामात चोख. त्याचा काही दोष नव्हता हे मी आधीच लिहून ठेवतो. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून शेत मोकळं झालेलं. सकाळी दोन बाजू झरझर मोजून झाल्या. आमचा मधला बांध तेवढा राहिला आणि दुपारी यंत्र कुरकुरायला लागलं. मोजणीवाला काठी इकडे रोवी, तिकडे रोवी. "फिक्स येईना," तो म्हणाला. फिक्स म्हणजे आपण नेमके कुठे उभे आहोत याची यंत्राला पटलेली खात्री. ऊन डोक्यावर, पंच उपाशी, घरी भाकरी-आमटी निवत चाललेली. तो थोडा थांबला. मग यंत्रानं एकदा होकार दिला आणि त्यानं तो होकार धरून खुंट्या ठोकल्या. फक्की टाकली. रेघ चुलत भावाच्या रानात बैलगाडी जाईल एवढी आत गेली होती.

भावाचा चेहरा उतरला. पण तो एवढंच म्हणाला, "भंडार उचललाय. मान्य हाय."

तेवढ्यात धुरळा उडवत साडूंची स्कूटी आली. घरी बाजेच्या संगणकावर रेघेनं उडी मारली तशी त्यांनी स्कूटी काढली होती. ते उतरले, कोणाला रामराम न करता चालत आले आणि चपलेच्या पायानं फक्की पुसायला लागले. "ही रेघ खोटी हाय. ही सूर्यानं वाकडी केलीय."

मोजणीवाला म्हणाला, "काका, मशीन खोटं बोलत नाही."

"मशीन खोटं बोलत न्हाई रे बाबा. पर त्याच्या कानात सूर्य वरडायलाय, त्यानं खरं ऐकावं कसं? मी काल पाव्हण्यांना सांगून गेलतो. इचारा त्यांना."

सगळे माझ्याकडे वळले. पंचांतले वडीलधारे म्हणाले, "तलाठी, खरं हाय का? तुमाला आधी सांगितलं व्हतं?"

मी हो म्हणालो असतो तर लोक म्हणाले असते, तलाठ्याला ठाऊक होतं आणि तरी त्यानं हाच दिवस धरला. रेघ माझ्या फायद्याची पडली होती. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं. मी म्हणालो, "न्हाई."

गावात तलाठ्याचं नाही म्हणजे नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "सरपंच, ऊन लागलं तुमाला. सावलीला बसा जरा." हसणं पिकलं. साडू माझ्याकडे पाहत राहिले. माणसाला फसवलं गेल्यावर जसा राग येतो तसा राग त्यांच्या तोंडावर नव्हता. आपलं गणित कुठं चुकलं हे शोधत असल्यासारखे ते पाहत होते. मग वाकून त्यांनी चपलेची फक्की झटकली. "अक्काला सांगा, मी जेवून आलोय," म्हणाले आणि गेले. ते जेवलेले नव्हते.

त्या दुपारी सूर्य खरोखर भडकला होता. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर बातमी आली, की पृथ्वीच्या उजेडाच्या बाजूला रेडिओ काही काळ मुके झाले. उस्तादांनी बाजेच्या रेघेचा फोटो मला पाठवला. रेघ मांजर दचकावं तशी उडालेली. मी तो कोणाला दाखवला नाही. रानात फक्कीची रेघ पुन्हा ओढली गेली आणि बांध तिच्यावर घातला गेला.

साडूंनी माझ्याशी संबंध तोडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी तसं काही केलं नाही. सणावाराला येत राहिले, अक्काशी थट्टा करत राहिले. लोक विचारत, "सरपंच, आज सूर्य कुणाच्या पार्टीत?" तेही हसून सोडून देत. पुढे दसरा गेला, दिवाळी गेली. एकदा मी त्यांच्या गच्चीवर बसलो होतो. ताटातल्या सूर्यावर डागांचा हा मोठा घोळका. मलाही आता कळायला लागलं होतं. मी विचारलं, "साडूभाऊ, हे फुटतंय का?" ते ताटाकडे न पाहता म्हणाले, "मला काय ठावं, पाव्हणं. मी काय सरपंच हाय का पंडित हाय?" गट दोन दिवसांनी फुटला. त्यांना ठाऊक होतं. बघणं त्यांनी सोडलं नव्हतं. सांगणं सोडलं होतं. गेवराईला उस्ताद भेटले तर त्यांनीही हातातलं काम ठेवून हेच सांगितलं, "तलाठीसाब, वो बोलनाच छोड दिये. अब सीधे फोन रख देते." जो माणूस मुक्या दगडालाही गावकीत ओढायचा, तो माझ्या एका शब्दानं मुका झाला होता. जमिनीचा तो पट्टा मला तेव्हापासून पायात टोचायला लागला.

मी चुलत भावाकडे गेलो. तो गोठ्यात वैरण टाकत होता. म्हणालो, भंडार खाली ठेवू, पुन्हा मोजू. त्याचा विश्वास बसेना. "फायदा तुमचा झालाय, आन मोजा तुमीच म्हणता?"

"साडूंनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं," मी म्हणालो.

त्यानं पेंढी सोडली, टाकली, मग म्हणाला, "मला ठावं व्हतं."

"कसं?"

"त्या दिशी तुमी न्हाई म्हणलात ते काठीकडं बघून. माणसाकडं बघून म्हणला नव्हता."

देवळात जाऊन आम्ही दोघांनी भंडार परत खंडोबाच्या पायाशी ठेवला. पिकं निघाल्यावर तेच पंच बोलावले, तोच मोजणीवाला. साडू येतील की नाही याची मला धास्ती होती. माझ्या बायकोनं त्यांना फोन करून सांगितलं, "ताट घेऊन या." ते ताट, दुर्बीण, मोडकी खुर्ची, सगळं स्कूटीवर बांधून आले, वेधशाळेचं बिऱ्हाडच. काठी रोवायच्या आधी मी पंचांपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "मागच्या वेळी यांनी मला सांगितलं होतं. मी न्हाई म्हणलो ते खोटं होतं."

वडीलधारे पंच म्हणाले, "मग कावून म्हणला?"

"भ्यालो."

मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण साडूच खुर्ची उघडत म्हणाले, "पाव्हणं, लांबण लावू नका. ऊन चढायलंय. मोजणी सकाळच्या पारी झालेली बरी." त्यांनी दुर्बीण लावली, ताटात सूर्य पाडला. आणि मग ते वडीलधारे पंच, ज्यांना मी कधी कोणापुढे वाकलेलं पाहिलं नाही, ताटाशेजारी उकिडवे बसले आणि विचारते झाले, "सरपंच, काय म्हणतोय सूर्य?" या वेळी कोणी हसलं नाही. साडू जातिवंत पुढारी. असा क्षण किती ताणायचा हे त्यांना ठाऊक. ताट थोडं फिरवलं, मोबाईल काढला, चष्मा पुसला, पुन्हा ताट. मोजणीवाला काठी धरून ताटकळला. मग साडू आख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "सगळे आपापल्या घरी हायती. चालू द्या."

रेघ पडली. भावाचा पट्टा त्याला परत गेला आणि वर माझंही हातभर रान गेलं. मी आनंदानं सही केली. त्या दिवशी साडू आमच्याकडे जेवले. आमटी तीनदा घेतली आणि आपलं भाकीत कसं खरं ठरलं हे सात-आठदा सांगितलं. मला ते ऐकताना कंटाळा आला नाही. गेल्या वर्षभरात मी जे घालवलं होतं ते माझ्या ओसरीवर मोठ्यानं बोलत बसलं होतं.

आता त्यांना शिवारातून फोन येतात. फवारणीचं ड्रोन आणणारे विचारतात, मोजणीवाले विचारतात. पण विचारणारे वाढले आणि सूर्य निवत चालला आहे. त्याचीही एक भरती-ओहोटी असते. वर्षं वर्षं चढतो, वर्षं वर्षं उतरतो. चढ संपला. परवा मी गच्चीवर गेलो तर ताटात सूर्य होता, पण स्वच्छ, कोरा. कोणाचाच गट नाही. साडू ताटाशेजारी गुडघे धरून बसले होते, गाव उठून गेल्यावर पारावर एकटा माणूस बसतो तसे.

"आता लई वर्षं असंच," ते म्हणाले. "पुढचा भर यायला धा-अकरा वर्षं. तवा कोण बघंल, पाव्हणं?"

मी त्यांच्यापेक्षा मोठा. माझे गुडघे जिना चढताना आधीच कुरकुरतात. तरी म्हणालो, "कोण म्हणजे? आपणच दोघं. असंच बसू हितं."

साडूंनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग ते हसले, बऱ्याच दिवसांनी हसावं तसे. "बघा, ह्या टायमाला माझ्याकडं बघून खोटं बोललात," म्हणाले, आणि ताटावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले.